कुणाला कळू नये म्हणून

“...म्हणजे या तिन्ही प्रणालींतली कुठलीही घातली, तरी माझ्या फोनमधलं कुणाच्या कानावर जाणार नाही?” नीलाक्कांनी विचारलं.

“सहसा नाही, अक्का. फोन बनवणाऱ्या कंपनीच्याही नाही.”

विरूपाक्ष सावरून बसला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत होता.

हिरण्यकेशी नदीच्या काठावर नीलाक्कांचा लहानसा मठ होता. आसपासच्या गावांतली माणसं अक्कांना फोन करत, निरोप बोलून पाठवत, आपली दुखणीखुपणी सांगत. फोन आपल्यावर नजर ठेवतो, असं कुणीतरी अक्कांना सांगितलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. संगणकाची नोकरी सोडून मठात राहायला आलेला विरूपाक्ष एकटाच. त्यांनी फोन त्याच्या हवाली केला.

“लोक माझ्या विश्वासावर बोलतात,” त्या म्हणाल्या होत्या. “ते तिसऱ्याला कळू नये. काय करायचं ते तू बघ.”

विरूपाक्षनं बघितलं होतं.

“पहिली प्रणाली फार कडक आहे,” तो आता सांगत होता. “पण ती ठरावीक फोनवरच चालते. तुमच्या फोनवर बसणार नाही. दुसरी जुन्या फोनवरही चालते. राखण थोडी कमी, पण माहिती गोळा करणारं काही तिच्यात नाही. तिसरी वापरायला सोपी. नेहमीची सगळी अ‍ॅप चालतात. फक्त त्यासाठी एखादी खिडकी किलकिली ठेवावी लागते.”

“तुझ्या फोनवर कुठली आहे?”

“पहिली.” त्याची मान जराशी ताठ झाली. “माझा फोन कुणाला काही सांगत नाही.”

“सांगण्यासारखं काय आहे त्यात?”

विरूपाक्षनं आठवून पाहिलं. काय होतं त्यात? आईचे दोन-चार फोन. बाकी काही नाही...

“मला मग दुसरी?” अक्कांनी विचारलं.

“दुसरी. तिच्यासाठी जुनं सगळं पुसावं लागतं. म्हणून मी आधी प्रत काढून ठेवली आहे.”

“सगळ्याची?”

“सगळ्याची.”

अक्कांनी मान डोलावली.

विरूपाक्षच्या मनात एक काटा होता. त्या काट्याचं नाव मल्लिनाथ. पलीकडच्या गावातला शाळामास्तर. मठात आला तो विरूपाक्षच्या कितीतरी नंतर. ध्यानाला बसला की पेंगायचा. वचनं म्हणताना ओळी गाळायचा. तरी तो आला की अक्कांचा चेहरा खुलायचा. ताक त्या स्वतःच्या हातानं घुसळून त्याला द्यायच्या. त्याला ‘मल्ल्या’ म्हणायच्या. ह्याला मात्र कायम ‘विरूपाक्ष’. पाहुण्याला मारावी तशी पूर्ण नावानं हाक.

पहाटे उठून अंगण झाडायचं ते विरूपाक्षनं. अक्कांच्या गुडघ्याला तेल चोळायचं ते विरूपाक्षनं. आणि ओसरीच्या टोकाला बसून अक्का हळू आवाजात बोलायच्या त्या मल्लिनाथशी. हा जवळून गेला, की दोघं थांबायची.

ते थांबणं त्याला जेवू देत नव्हतं.

“मल्ल्याही विचारत होता,” अक्का म्हणाल्या. “त्याच्या फोनवरही बसव म्हणे.”

“त्यांना कशाला?” विरूपाक्ष ताडकन बोलला. “त्यांना जमणार नाही. मुलाला भेटायच्या वेळा त्या व्यसनमुक्ती केंद्राच्या अ‍ॅपवर येतात. ते अ‍ॅप यावर चालेल न चालेल...”

वाक्य तिथंच तुटलं.

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या.

“मल्ल्याचा सुजय बंगळूरला शिकतो,” त्या सावकाश म्हणाल्या. “सगळ्यांना हेच ठाऊक आहे.”

विरूपाक्षनं फोन उचलला, परत खाली ठेवला.

“मी कुणापाशी बोलले नाही. मल्ल्या बोलणार नाही.”

“प्रत काढताना, अक्का... चुकून...”

“चुकून?”

विरूपाक्षची नजर खाली गेली. “पहिला निरोप चुकून लागला.”

“आणि पुढचे?”

“पुढचे ऐकले.”

चिंचेच्या झाडाखाली, कानात तारा घालून, जेवणवेळ टळून गेली तरी तो ऐकत बसला होता. मल्लिनाथचे निरोप, अक्कांची उत्तरं. पोरगं गोळ्यांच्या नादी लागलं. घरातलं विकलं. आईवर हात उचलला. ऐकताना विरूपाक्षला त्या बापाची दया यायला हवी होती. आली नाही. एका उत्तरात अक्का बोलता बोलता रडल्या. त्याच्या मनात आलं ते एवढंच... आपल्यालाही असलं एखादं दुःख असतं तर!

“का ऐकलंस?” अक्कांनी विचारलं.

“तुम्ही त्यांच्याशी काय बोलता, ते ऐकायचं होतं.”

“काय ऐकलंस मग?”

“तुम्ही त्यांच्यासाठी रडलात. माझ्यासाठी कधी...”

“रडावं असं तू मला कधी काही सांगितलंस?”

बाहेर मोटरसायकल थांबली. दारात चपला वाजल्या आणि मल्लिनाथ आत आला. पहिल्यापेक्षा वाळला होता. सदरा खांद्यावरून उतरत होता.

“शरणु, अक्का.” तो टेकला. मधोमध ठेवलेला फोन बघून त्याचा चेहरा उजळला. “अरे वा, तेच चाललंय का? विरूपाक्ष, माझाही बघ बाबा तेवढा.”

त्यानं खिशातून फोन काढून पुढं केला.

“काही अ‍ॅप बंद पडली तरी चालतील. तुला वाटेल ती घाल. यात घरच्या काही गोष्टी आहेत रे... दुकानदाराच्या हाती द्यायला जीव धजत नाही. तुझ्या हाती दिला की मला घोर नाही.”

विरूपाक्षनं अक्कांकडं पाहिलं. अक्का खिडकीतून नदीकडं बघत होत्या.

त्या सांगणार नाहीत, हे त्याला कळलं. आत्ताही नाही, पुढंही नाही. फोन घ्यावा, ‘बघतो सर’ म्हणावं, की झालं. कुणाला कधी कळणार नव्हतं.

मल्लिनाथचा हात पुढंच होता.

“सर, मला देऊ नका,” विरूपाक्ष म्हणाला.

“का रे?”

“मी तुमचे निरोप ऐकलेत. अक्कांच्या फोनवरचे.”

मल्लिनाथ हसला. त्याला नीट कळलं नसावं. मग हळूहळू कळलं. हात मागं गेला.

“कुठले?”

“सगळे.”

“शाळेतून पाठवलेला... तो?”

विरूपाक्षनं मान डोलावली.

“ज्यात मी म्हणालो, पोरगं मेलं असतं तर सुटलो असतो... तो?”

“तोही, सर.”

मल्लिनाथ उठला. दारापाशी गेला, पाठ करून उभा राहिला. चौकटीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. आता हा वळेल आणि आपल्या मुस्काटात मारेल, असं विरूपाक्षला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

मल्लिनाथ वळला. पुन्हा त्याच जागी येऊन बसला.

“ते बोलल्यापासनं मी बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “वर्गात पोरांकडं बघवत नाही. अक्कांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आता तुला आहे.”

“सर, मी...”

“ऐकून काय वाटलं तुला?”

विरूपाक्षला खोटं बोलता आलं असतं. वाईट वाटलं, म्हणता आलं असतं.

“हेवा वाटला,” तो म्हणाला.

“काय?”

“तुम्हाला अक्कांपाशी तसं बोलता येतं, त्याचा. मला कुणापाशीच येत नाही.”

मल्लिनाथ त्याच्याकडं बघतच राहिला. एवढं मोठं दुःख, आणि त्याचाही कुणाला हेवा वाटावा...

“वेडा आहेस,” तो कसाबसा म्हणाला.

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

मग मल्लिनाथनं विरूपाक्षचा हात ओढून घेतला. तळव्यावर फोन ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटवली.

“सर, नको...”

“धर. आता तुझ्यापासनं लपवण्यासारखं काही नाही.”

त्याच क्षणी फोन थरथरला. बोटांच्या फटींतून उजेड आला. पडद्यावर सुजयचं नाव होतं, आणि खाली त्यानं लिहिलेली ओळ.

विरूपाक्षनं मान झटक्यात फिरवली. डोळे घट्ट मिटून घेतले.

अक्का खिडकीपासून वळल्या.

“डोळे उघड, विरूपाक्षा,” त्या म्हणाल्या. “त्यानं तो फोन आंधळ्याकडं नाही दिला.”