ठकूची जट

फार वर्षांपूर्वी, या मुलखात आगगाडी यायच्याही आधी, बोरखडी गावात खेमा न्हावी राहायचा. हात इतका हलका, की हजामत करून घेताना पाटलाला डुलकी लागायची. आणि स्वभाव इतका भित्रा, की मांजर आडवं गेलं तरी हा घरी परतायचा, असं म्हणतात. हल्ली त्याचं नाव निघालं की लोक त्याला वाघ करून सांगतात. ते खोटं आहे. तो भित्राच होता, म्हणून तर गोष्ट सांगावीशी वाटते.

गावात भागा नावाची विधवा होती. तिची नऊ वर्षांची पोर ठकू दोन महिने तापानं फणफणली. ताप उतरला तोवर न विंचरलेल्या केसांचा गुंता होऊन बसला होता. गावच्या देवऋष्यानं तो पाहिला आणि हात जोडले. "देवीची जट आली! कुणी कापली तर पोरगी मरंल, आन् कापणारा रगत ओकून मरंल."

झालं! दर मंगळवारी, दर शुक्रवारी ठकूला पाटावर बसवून लोक जटेवर तेल ओतायचे, हळदकुंकू थापायचे. वर्षभरात जट मनगटाएवढी जाड झाली. मग ठकू मान गरागरा घुमवू लागली. अंगात आलं म्हणून लोकांनी लोटांगणं घातली. हरवलेली म्हैस सापडंल का, पाऊस पडंल का, सगळं तिलाच विचारायचं. मान उजवीकडे गेली तर हो, डावीकडे गेली तर नाही. खेमानंही बायकोच्या खोकल्याचं विचारलं होतं आणि ओंजळभर तेल ओतलं होतं.

चैत्री पौर्णिमेला ठकूच्या गळ्यात माळ घालून तिला देवीला सोडायचं ठरलं. म्हणजे लग्न नाही, घर नाही, जन्मभर दारोदार जोगवा. तीन दिवस उरले तेव्हा भागा भर दुपारी पोरीला घेऊन खेमाच्या अंगणात आली.

"दादा, हिच्या डोक्याला घाण वास येतोय. काढा ही जट."

खेमाचं धाबं दणाणलं. "भागाबाई, मला बायकापोरं हायती. मरू का मी?"

"मग वस्तरा तेवढा द्या. मी काढते. मरायचं तर मी मरते."

तिनं हात पुढं केला आणि तो मागं घेतला नाही. खेमा शरमला. असं म्हणतात, त्यानं बायकोला हाक मारून तिचा निरोप घेतला, तुळशीला पाणी घातलं आणि मगच धोकटीतून वस्तरा काढला.

कोमट पाणी ओतत तो वस्तऱ्यानं जट सोडवत राहिला. शेवटी ती ओल्या कासऱ्यासारखी धपकन खाली पडली. खेमानं डोळे गच्च मिटले. मरण काही आलं नाही. मग डोळे उघडून त्यानं ठकूचं डोकं पाहिलं, आणि आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

जटेखाली कातडी कुजली होती. टाळूवर मुठीएवढी जखम होती आणि तिच्यात किडे वळवळत होते.

"तात्या," ठकू हळूच म्हणाली, "मान जोरात हलवली, की आत चावायचं जरा थांबायचं."

सारा गाव वर्षभर याच्या पाया पडत होता! खेमाच्या ओंजळीतलं तेलही तिथंच मुरलं होतं. तो ढसाढसा रडला. भागा रडली नाही, ती पोरीला वारा घालत राहिली.

मग तो भित्रा माणूस ठकूला कडेवर घेऊन, जट हातात लोंबकळवत चावडीपुढच्या पारावर गेला. "या, बघा तुमची देवी! लांबून नका, जवळ येऊन बघा!" लोकांनी पाहिलं. बायकांनी तोंडात पदर कोंबले. पाटील तिथंच ओकला. तरी देवऋषी म्हणाला, "आता मरतोय बघा हा."

"मग हितंच बसतो," खेमा म्हणाला.

चार दिवस तो पारावरून हलला नाही. गावादेखत भाकरी खाल्ली, गावादेखत झोपला. तिकडे भागा कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धूत होती. त्या चार दिवसांत गावात एकही कोंबडा आरवला नाही, असं म्हणतात. पौर्णिमा आली आणि गेली. रक्त कुणी ओकलं नाही, आणि माळेचं नाव कुणी काढलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी देवऋष्याचीच म्हातारी आई काठी टेकत पारापाशी आली. तिनं डोक्यावरचा पदर काढला. "माझीबी काढ, बाबा. चाळीस वरसं झाली, उशीला डोकं टेकलं न्हाई." देवऋषी लांब उभा होता.

ठकूच्या टाळूवर केस पुन्हा उगवले नाहीत, पण तिचं लग्न झालं, तिनं नातवंडं खेळवली. खेमा ब्याऐंशीव्या वर्षी दम्यानं गेला. देवीनं शेवटी गाठलंच, असं म्हणणारे शहाणे तेव्हाही निघालेच!

बोरखडीत खेमाचं देऊळ नाही. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गावातली सगळी पोरं पारावर बसतात. मोठी माणसं एकेकाचे केस विंचरतात आणि विचारतात, "कुठं दुखतंय का?" पोर लाजतं, हसतं, कधी गप्प बसतं. उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या डोक्याला फणी लावायची नाही, असा खेमाच्या नावाचा नेम आहे. एका वर्षी एक पोरगी काही केल्या बोलेना. दिवस मावळेपर्यंत सगळा गाव तिच्यासाठी थांबून राहिला, असं म्हणतात.