नवरदेवाचं महत्त्व

द्राक्षबागांच्या एका गावात गुणवंत नावाचा एक भोळा मुलगा होता. भोळा म्हणजे किती? सांगितलं तसंच करायचा, फक्त नको तिथंही करायचा. कालिंदीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि आनंदानं त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

तो वैजयंतीमॅडमच्या कचेरीत कामाला होता. बागेवर रोग कधी पडेल, ते तिथला कॉम्प्युटर आधीच सांगायचा. त्यासाठी त्याला ऊन, वारा, दव, हवेतला ओलावा असे ढीगभर रकाने भरून द्यावे लागत.

मॅडम म्हणाल्या, “गुणवंता, यातलं महत्त्वाचं काय ते शोध. एक रकाना काढून बघ. अंदाज बिघडला नाही, तर तो बिनमहत्त्वाचा.”

गुणवंतानं दव काढलं. अंदाज बिघडला नाही. दव परत ठेवून ओलावा काढला. तरी बिघडला नाही. म्हणजे दोन्ही बिनमहत्त्वाचे! त्यानं दोन्ही पुसून टाकले. कॉम्प्युटरनं भर पावसात सगळ्या बागा ठणठणीत असल्याचं जाहीर केलं.

“अरे शहाण्या,” मॅडम ओरडल्या, “दव नसलं की ओलावा त्याचं काम करतो! एकासारखं एक असेल, तर सगळं मिळून काढून बघायचं.”

“बरं मॅडम.”

लग्नाच्या दिवशी सासरे मांडवाकडे बघून म्हणाले, “एवढे खांब कशाला रोवलेत? निम्मे उगाचच आहेत.”

खांब तर एकासारखा एक. गुणवंतानं मुंडावळ्या सावरल्या आणि एका बाजूचे सगळे मिळून काढले. मांडव सासऱ्यांच्या डोक्यावर आला. कालिंदीनं बापाला कापडाखालून ओढून काढलं.

“बिघडलं!” गुणवंत खुशीत म्हणाला. “खांब महत्त्वाचे आहेत.”

लग्नाला आलेल्या मॅडमनी कपाळावर हात मारला. “काढू नकोस रे काही! जागा रिकामी ठेवायचीच नाही. एकाच्या जागी दुसरं घालून बघ. फरक पडला तरच ते महत्त्वाचं.”

“बरं मॅडम.”

मांडव कसाबसा उभा राहिला. अंतरपाट धरला. भटजी म्हणाले, “या नवरदेव, पाटावर उभे राहा. आज तुमच्याइतकं महत्त्वाचं कोणी नाही.”

“बघितलंय का मोजून?” गुणवंतानं विचारलं.

भटजींनी बघितलं नव्हतं. मग गुणवंतानं आपल्या मुंडावळ्या मावसभावाच्या, जयवंताच्या, कपाळाला बांधल्या, त्याला पाटावर उभं केलं आणि स्वतः गर्दीत जाऊन अक्षता टाकू लागला. मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. कालिंदीनं जयवंताकडे बघितलं. मग गुणवंताकडे बघितलं. मग बापाच्या डोक्यावरच्या टेंगळाकडे बघितलं. आणि हार घातला. वाजंत्री वाजली, लोक पंगतीकडे पळाले.

गुणवंत धावत मॅडमकडे आला. “मॅडम, अदलाबदल केली! लग्नात काडीचा फरक पडला नाही. नवरदेव बिनमहत्त्वाचा निघाला!”

“अरे, पण तुझी बायको?”

“ती होय? ती गेली की नवऱ्याबरोबर जेवायला.”