चाळिसावा हिस्सा

"मग उरलेलं कुठं गेलं?"

दाजीबुवांनी एवढंच विचारलं. कौस्तुभ गेली पंधरा मिनिटं एकटाच बोलत होता.

"उरलेलं म्हणजे?"

"चाळीस हिश्शांतला एक ठेवलास म्हणतोस. एकोणचाळीस कुठं गेले?"

कौस्तुभ हसला. प्रश्न सोपा होता, आणि सोपे प्रश्न त्याला फार आवडायचे.

"बुवा, डोळ्याला जे दिसतच नाही ते सॉफ्टवेअर काढून टाकतं. फोटो तोच राहतो. वजन तेवढं उतरतं."

"कुणाच्या डोळ्याला दिसत नाही?"

"कुणाच्याच."

बुवांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

आश्रम म्हणजे डोंगराच्या पोटातल्या दोन खोल्या, एक पडवी आणि मागं औषधी झाडांचे वाफे. बुवांनी उभा जन्म सात पाड्यांवर पायी जाऊन तिथल्या बायकांना पाला ओळखायला शिकवला. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. आता पाल्याची ओळख पाड्यांवर जायची ती फोटोतूनच. त्यासाठी कौस्तुभ तीन महिने इथं राहिला होता. सहाशे फोटो काढले त्यानं, प्रत्येक पानाचे वरून, खालून, देठासकट. पोरगा मेहनती, यात वाद नाही. पण आपण मेहनती आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

अडलं कुठं, तर आश्रमातल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क भरली. शिवाय एवढाले फोटो पाड्यांवरच्या मोबाइलवर उघडेनात. फोटो लहान करणारं सॉफ्टवेअर हवं होतं. कौस्तुभनं तीन आणून बघितली. पहिलं काही न टाकता फोटो निम्मा करायचं. दुसरं दहाव्या हिश्शावर आणायचं. तिसरं चाळिसाव्या.

त्यानं तिसरं घेतलं. सहाशे फोटो त्यातून काढले, पेन ड्राइव्हवर भरले आणि पेन ड्राइव्ह सकाळीच लहानूच्या हवाली केला. लहानू पाड्यांवर जीप न्यायचा. दुपारपर्यंत सातही पाड्यांवरच्या मोबाइलमध्ये फोटो उतरणार होते, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या चुलीवर ते बघून काढा चढणार होता.

जीप निघण्याआधी बुवांकडं कौस्तुभ आला होता तो नुसता आशीर्वादाला.

"थोरली काढ," बुवा म्हणाले. "आणि धाकटी. पानाची खालची बाजू."

थोरली आणि धाकटी ही बुवांनीच ठेवलेली नावं. थोरलीचा काढा मुरडा थांबवतो. धाकटीचा श्वास थांबवतो. पान तेच, देठ तोच, फूलही तेच. थोरलीच्या पानाला खालून बारीक लव असते, तान्ह्या मुलाच्या कानावर असते तशी. धाकटीला नसते. कौस्तुभनं हे पहिल्याच दिवशी पाठ केलं होतं.

"लहान केलेले फोटो काढू की मूळचे?"

"जे लहानूच्या खिशात आहेत, ते."

कौस्तुभनं दोन्ही फोटो पडवीतल्या कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्याच्या खालच्या भागावर आडवा गुंडाळला. नावं झाकली गेली.

"आता डावं-उजवं होऊ दे. तुला कळणार नाही असं."

"मशीन आपोआप करतं," कौस्तुभ म्हणाला, आणि बटण दाबलं. फोटो दोनतीनदा फिरले, थांबले.

"यातली थोरली कुठली?"

कौस्तुभ पुढं वाकला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. लहानूनं खालूनच हाक मारली, "बुवा, निगू का? ऊन व्हतंय!"

"थांब जरा," बुवा म्हणाले. पण त्यांचा आवाज पडवीपलीकडं गेला नाही.

"बोल."

"डावी," कौस्तुभ म्हणाला. मग लागलीच, "नक्की. रंग जरा गडद आहे."

बुवांनी पंच्याची कड उचलून नाव बघितलं. कड परत खाली टाकली. चेहरा जसा होता तसाच.

काठी टेकत ते मागच्या वाफ्यात गेले. परत आले तेव्हा मुठीत पाला होता. पडवीतली चूल त्यांनी फुंकून पेटवली, तपेलीत पेलाभर पाणी घातलं आणि पाला त्यात सोडला.

"बुवा, काय करताय?"

"तू डावी म्हणालास, तिचा काढा."

"कुणासाठी?"

पाणी तापायला लागलं होतं...

कौस्तुभ पडद्याकडं वळला. डावा फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. लव असायची तिथं नुसते चौकोन होते, हिरवे, गुळगुळीत. त्यानं उजवा मोठा केला. तिथंही तेच चौकोन.

तो घाबरला होता, आणि आपण घाबरलोय हे बुवांना दिसू नये म्हणून पाठ करून बसला होता.

"बुवा... पण पाड्यावर फोटोखाली नाव असेल ना. इथं तुम्ही झाकलंत."

"फोटोखाली असेल. झाडाखाली असतं का?"

पंचा हातभर अंतरावर होता. नाव बघून टाकावं म्हणून कौस्तुभनं हात पुढं केला.

"राहू दे तो तिथंच," बुवा चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणाले.

हात मागं आला.

काढ्याला उकळी फुटली. वास दोन्हींचा सारखाच, उग्र. बुवांनी पितळी पेल्यात काढा गाळला आणि निवायला ठेवला. खाली लहानूनं जीप सुरू केली. इंजिन दोनदा घरघरून बंद पडलं.

बुवांनी पेला पुढं केला.

"पी."

"ही... ही थोरली होती ना?"

"तू म्हणालास, नक्की."

"मी अंदाजानं म्हणालो."

"मघाशी तसं नाही सांगितलंस."

कौस्तुभनं पेला घेतला नाही, पडद्याकडं बघितलं. पडद्यावर दोन्ही पानं शेजारी शेजारी होती, एकसारखी, आणि दोन्ही त्यानंच केलेली.

"नाही पीत मी, बुवा. मला माहीत नाही ही कुठली आहे."

"बरं," बुवा शांतपणे म्हणाले. "तुझा तुझ्यावर विश्वास नाही. माझा आहे. पाड्यावरच्या बायकांचाही आहे."

त्यांनी पेला स्वतःच्या तोंडाला लावला.

"बुवा!"

कौस्तुभनं झेप घेतली आणि पेल्यावर हात मारला. पेला भिंतीवर आदळला. काढा बुवांच्या धोतरावर, जमिनीवर, सगळीकडं उडाला.

"प्यालात का? बुवा, घोट गेला का आत?"

बुवांनी पंच्यासाठी हात केला. त्यानं पडद्यावरून पंचा ओढून त्यांना दिला. त्यांनी ओठ पुसले आणि मान हलवली. नव्हता गेला.

खाली जीप पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी बंद पडली नाही.

कौस्तुभ अनवाणीच धावला. उतारावरचे दगड तळव्यांना लागत होते, तरी थांबला नाही. वळणावर तो जीपच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. लहानूनं करकचून ब्रेक लावला.

"आरं, मरायचंय का? काय झालं? बुवा बरं हायेत ना?"

"पेन ड्राइव्ह दे, लहानूभाऊ."

"सकाळी तर म्हनलास, जिवापाड जपून ने."

"चुकलो. दे आधी."

लहानूनं खिशातून रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला. सात पाडे वाट बघतायत, त्यांना काय सांगू, असं तो विचारत होता.

"सांग, मी चुकलो म्हणून उशीर होतोय. आणि आज कुणी नवा काढा करू नका म्हणावं."

असं बोलायची सवय कौस्तुभच्या जिभेला नव्हती. पण बोलला.

तो वर आला तेव्हा बुवा चुलीपाशीच बसले होते. धोतरावर हिरवट डाग पडले होते. पडदा उघडा होता, खालची नावं आता कुणीही वाचावीत अशी समोर होती. पण डावं कुठलं नि उजवं कुठलं, हे बघायचा त्याला धीर झाला नाही. तो तपेलीपाशी खाली बसला.

"बुवा... कुठली होती?"

बुवांनी काठीच्या टोकानं तपेली त्याच्याकडं सरकवली.

तळाशी पाला चिकटला होता. कौस्तुभनं त्यातलं एक पान अलगद सुटं केलं. तळहातावर उलटं पसरलं. पडवीच्या कडेला उन्हात नेलं, अंगठ्यानं चाचपलं, डोळ्याजवळ धरलं. पान काळपट, लिबलिबीत झालं होतं. कितीतरी वेळ तो तसाच वाकून बघत राहिला.

"शिजल्यावर नाही कळत, बुवा."

बुवांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आणि माझ्या मुठीत कच्चं होतं, तेव्हा काय बघत होतास?"