अल्युमिनियमभावजींकडची पोरं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, कारण ते घर एका चिपमध्ये होतं आणि मोहरीच्या दाण्याहून लहान होतं.

त्या घरात खाली सिलिकॉनवहिनी राहत, माळ्यावर अल्युमिनियमभावजी. वहिनींच्या तळघरात एक नाजूक दिवा जळे, म्हणजे चिप ज्यावर चालते तो विजेचा सांधा. चिप बनवताना ती भाजायची भट्टी तापली की वहिनींची पोरं, म्हणजे त्यांचे अणू, ऐसपैस जागा बघून भावजींकडे पळत. मागे जमिनीत खड्डे पडत, आणि उष्णतेनं मऊ झालेले भावजी त्यांत घसरत. एकदा त्यांचा पाय थेट दिव्याजवळ पोचला.

"आणखी केसभर खाली आलात तर दिवा विझेल," वहिनी म्हणाल्या.

"मग पोरांना आवरा की, वहिनी."

"तापलेली पोरं कुणाचं ऐकतात? तुम्ही तरी जागेवर राहिलात का?"

भावजी ओशाळले.

"असं करा," वहिनी म्हणाल्या, "पुढच्या भट्टीआधीच माझी थोडी पोरं राहायला न्या. तुमच्या शंभरात माझं एक पुरे."

पुढची भट्टी पेटली. पोरं उधळली, पण माळ्याच्या दारातच अडली. "आई, काकांकडे आपलेच बसलेत. पाय ठेवायला जागा नाही," असं ओरडत सगळी माघारी आली. जमीन सपाट राहिली, दिवा झकास जळत राहिला, आणि भावजी वर पोरांच्या दंग्यात खूश.

आता कबूल करतो. खड्डे, पळापळ, शंभरात एक, हे सगळं खरं. दिवा धोक्यात असताना वहिनी इतक्या शांतपणे बोलल्या, तेवढं मात्र माझ्या पदरचं.