ठकूबाईचा वाटा

खाडीवर पूल नव्हता आणि पैलतीरावरून हाक मारूनच होडी बोलवावी लागे, त्या काळातली ही हकिगत. खारवली गावात ठकूबाई शिंपल्यांची भट्टी लावी. गावच्या भिंतींना आणि विड्यांना तिचाच चुना असे.

त्याच गावच्या धाकोजीची बायको, आवडी, वारली. पण तिचा आवाज तिने पाळलेल्या राघूच्या कंठात उरला, असं म्हणतात. "जेवून घ्या, धनी," असे राघू दुपारी म्हणे, आणि मगच धाकोजी पानावर बसे. हा आवाज उडून जाऊ नये म्हणून त्याने पिंजरा अंधाऱ्या माजघरात टांगला. आवडी देई तीच भिजवलेली डाळ आणि मिरची तो न चुकता देत राहिला. तरी राघूची पिसे झडली, चोच मऊ पडली, पाय दांडीवर ठरेनात. एके दिवशी त्याने बोलणेच सोडले. धाकोजी उपाशीपोटी पिंजरा घेऊन भट्टीवर गेला.

"आवडी द्यायची तेच देतो गो, ठकूबाय."

"तेच? तिचा राघू दिवसभर अंगणातल्या शेवग्यावर असायचा. पाला खायचा, भिंतीचा चुना कुरतडायचा. तू मेल्या, त्याला सूर्य तरी दाखवलास का?"

धाकोजीने चटकन कमरेची चुन्याची डबी काढली.

"ठेव ती! जीभ भाजेल त्याची."

ठकूबाईने भट्टीत न गेलेले कोरे शिंपले धुतले, मंद शेकले, पिठासारखे दळले आणि शेवग्याच्या पाल्यात कालवले. राघूने तोंड फिरवले.

"आधी तू खा," ती म्हणाली. "मग तुझ्या ओठावरचं घेईल."

धाकोजीने घास घेतला. राघूने तो त्याच्या ओठांवरून टिपला. मग रोज सकाळी, उन्हात, पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून, दोघे असेच खाऊ लागले.

शेवग्याला फुले आली तेव्हा राघू झाडावर जाऊन बसला आणि बोलला. काही सांगणारे इथेच थांबतात. खाडीपलीकडचे मात्र सांगतात की रानातले सारे थवे त्या दिवशी खारवलीवर उतरले आणि प्रत्येक पोपट आवडीच्या आवाजात धाकोजीला जेवायला बोलावू लागला. तो इतका पोटभर जेवला की शेजाऱ्यांना भात पुन्हा टाकावा लागला, असं म्हणतात.

आजही खारवलीत शिंपल्यांची पहिली ओंजळ भट्टीत जात नाही. ती दळून, पाल्यात कालवून, पोपट असलेल्या घरी पोचवतात. तिला ठकूबाईचा वाटा म्हणतात. घरातले वडीलधारे माणूस आधी स्वतः चिमूटभर खाते, तोंड वेडेवाकडे करते, "गोड आहे हो!" म्हणते, आणि पिंजऱ्याचे दार उघडते.