चालता चालता बोल

“म्हणजे वस्ताद, आता म्हाताऱ्यांच्या रांगेत हळूहळू चालायचं मी?”

दौलू खोतानं हे विचारलं तेव्हा हुसेन वस्ताद तालमीच्या पायरीवर उन्हाला बसले होते. दौलू त्यांचा एके काळचा गाजलेला पठ्ठ्या. ऊसतोडीच्या दिवसांत त्याच्या छातीत कळ आली, तसं दवाखान्यात नेऊन बुजलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, मीठ कमी करायला लावलं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही म्हणून बजावलं आणि हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गाला धाडलं.

तिथली संथ चाल दौलूला मानवली नाही. अंग हलकं वाटू लागलं तसा त्यानं वर्ग सोडला. त्यामागोमाग गोळ्याही.

हे सांगितल्यावर वस्ताद रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी उलट विचारलं, तिथं नेमकं करून काय घेतात?

छातीला वायरी लावतात, फिरत्या पट्ट्यावर चालवतात, दौलूनं सांगितलं. आणि शिकवणाऱ्या बाई चालताना सारखं बोलायला लावतात.

“बोलायला कशाला?”

“काय की...”

“विचारलं नाहीस?”



वस्ताद काठी टेकत उठले. “मलाही ठाऊक नाही. चल, बघू.”

तालमीमागच्या गाडीवाटेनं दोघं निघाले. वस्तादांनी त्याला त्याच्या सर्वांत मोठ्या कुस्तीची हकीकत सांगायला लावली. दौलू रंगात आला. पावलं लांब पडू लागली, वस्ताद मागं राहिले. समोरच्या गड्याला कसा उचलला ते सांगता सांगता शब्द मध्येच तुटला. तोंड उघडं, आवाज नाही.

कळ नव्हती, नुसता दम लागला होता. तरी कळ आली होती त्या दिवसासारखा त्याचा हात घाबरून छातीवर गेला.

वस्तादांनी त्याला बांधावर बसवलं. श्वास जागेवर आल्यावर दोघं परत फिरले, या वेळी वस्तादांच्या चालीनं. तालीम आली तेव्हा कुस्ती सांगून पुरी झाली होती.

“म्हणून बोलायला लावतात होय...” दौलू स्वतःशीच म्हणाला.

वस्तादांनी मान हलवली. मग म्हणाले, “आणखी एक कळत नाही. तुला बरं वाटत होतं ते गोळ्या घेतल्यास म्हणून, का सोडल्यास म्हणून?”

“घेतल्या म्हणूनच की...” दौलू म्हणाला. मग म्हणाला, आजच डॉक्टरांकडं जातो, गोळ्या सोडल्याचं सांगतो, आणि वर्गालाही जातो. पण त्याचा पाय निघेना.

“वस्ताद... म्हणजे मी हरलो म्हणायचं का?”

वस्तादांनी आपला सुरकुतलेला तळवा त्याच्या छातीवर ठेवला.

“कुस्ती कुणाशी लावली होतीस, दौलू?”