दोन हजार पाचशे वीस जांभळं

डोंगराच्या कुशीत एक चिमुकली वाडी होती. वाडीत दहा मुलं होती आणि दहाही भुकेली होती. त्या वर्षी रानात काही म्हणजे काही पिकलं नव्हतं. त्यांतलीच एक सोनकी. तिची आई तापानं निजलेली, चूल थंडगार.

एके दिवशी रानात हिंडताना तिला करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकताना दिसलं. पाहते तर काय, बोटाएवढी परी! तिचा निळा-रुपेरी पंख काट्यांत अडकला होता. सोनकीनं स्वतःचे हात ओरबाडून घेतले, पण त्या नाजूक पंखाला चरासुद्धा पडू दिला नाही.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "एक आकडा सांग. समोरच्या वठलेल्या झाडावरून तेवढी जांभळं पडतील. दिवस मावळेपर्यंत जितकी मुलं येतील, तितके त्यांचे सारखे ढीग होतील. पण एक जरी जांभूळ उरलं, तर सगळ्याचा पाचोळा!"

"किती मुलं येतील, परीताई?"

"ते मलाही ठाऊक नाही."

शंभर! सोनकीच्या ओठांवर आलं होतं. पण तिघंच आली तर? एक उरेल. तिनं खडे मांडले आणि पुटपुटू लागली, "आठांत दोघं बसतात, चौघंही. नवांत तिघं बसतात. आठ नव्वे बहात्तर, म्हणजे सहाही बसले. पाचांसाठी पाचपट करू, तीनशे साठ. त्यात दहाही आले! राहिले सात..." तिचे डोळे चमकले. ती ताठ उभी राहिली. "दोन हजार पाचशे वीस!"

टपटप, टपटप! काळीभोर, टपोरी जांभळं बरसली. सोनकीनं हाक मारली, तशी सहा मुलं धावत आली. तिनं त्यांना परीची अट सांगितली. तिच्यासकट सातांचे सात ढीग झाले. एकही जांभूळ उरलं नाही.

तेवढ्यात लंगडत लंगडत छोटी चिंगी आली.

"आता कशाला आलीस? वाटून झालं!" म्हादू ओरडला. "सोनके, हिला घेतलंस तर सगळ्याचा पाचोळा होईल!"

"नाही होणार," सोनकी शांतपणे म्हणाली. "ये गं चिंगे, बस."

ढीग सरकले, मिसळले, पुन्हा वेगळे झाले. आठ ढीग! सगळ्यांनी जमीन चाचपली. एकही जांभूळ उरलं नव्हतं. म्हादूनं गुपचूप चिंगीला आपल्याजवळ जागा करून दिली.

डोंगरामागं दिवस केशरी होऊन बुडाला. मुलांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या. परी एकटीच फांदीवर बसली होती. सोनकीनं आईसाठी ओचा भरला आणि आपल्या ढिगातलं सर्वांत टपोरं जांभूळ परीपुढं धरलं.

"तुम्ही काहीच खाल्लं नाही, परीताई."

"मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं!" परी खुदकन हसली. तिनं ते जांभूळ मिटक्या मारत खाल्लं, बी मातीत टाकली आणि सोनेरी उजेडाचा एक झोत होऊन ती नाहीशी झाली.

उजेड ओसरला, तेव्हा बी पडली होती तिथं पोपटी कोंब डुलत होता. बघता बघता त्याचं झाड झालं आणि घोसांनी लगडलं. त्या झाडाला कुठलाच नियम नव्हता.